पीटीएसडी मंजूर, स्लीप अ‍ॅप्निया नामंजूर: व्हीएच्या पत्रानंतर काय करायचं?

टेक्सासमधून एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. त्यांचे मिस्टर २००९ मध्ये मॅव्हनी (परदेशी नागरिकांना लष्करात घेणाऱ्या) योजनेतून अमेरिकी लष्करात भरती झाले, २०११ मध्ये अफगाणिस्तानात होते, २०१३ मध्ये बाहेर पडले. २०१७ मध्ये व्हीएने (अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याने) त्यांचा पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक ताणविकार) ५० टक्के रेटिंगने, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या अपंगत्वाच्या टक्केवारीने, मंजूर केला. त्याच वर्षी त्यासाठी मिर्टाझापिन हे औषध सुरू झालं आणि २०१८ च्या मध्यावर क्वेटियापिनची भर पडली. २०२१ मध्ये स्लीप स्टडीत (रात्रभराच्या झोपेच्या तपासणीत) एएचआय, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा मंदावतो तो आकडा, ३४ आला, म्हणजे गंभीर, आणि मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन मिळालं. पीटीएसडीला सेकंडरी, म्हणजे त्यातून उद्भवलेला आजार म्हणून स्लीप अ‍ॅप्नियाचा क्लेम टाकला, तो मागच्या ऑक्टोबरात नामंजूर झाला. पत्रात सी अँड पी परीक्षकाचं (क्लेमसाठी व्हीएने नेमलेल्या वैद्यकीय तपासनिसाचं) मत साधारण असं आहे: 'हा आजार घशातल्या श्वासमार्गाच्या रचनेमुळे होतो, पीटीएसडीमुळे नव्हे. अर्जदाराचं वाढलेलं वजन हे त्याचं मुख्य कारण आहे.' ताईंचे प्रश्न तीन. विषय संपला का? दीड हजार डॉलरमध्ये डॉक्टरचं पत्र मिळवून देतो म्हणणाऱ्या कंपनीला पैसे द्यावेत का? आणि उद्या सासू-सासऱ्यांसाठी पुण्याला परत गेलो, तर यातलं काय हाती राहतं?

मी व्हीएची मान्यता असलेला क्लेम्स एजंट आहे. वकील नाही आणि डॉक्टरही नाही, पण अशी पत्रं रोज वाचतो. विषय संपलेला नाही. उलट परीक्षकाने ज्या वाक्यावर क्लेम फेटाळला, त्याच्या शेवटच्या अर्ध्या भागात तुमची निम्मी केस त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिली आहे. वजन हे मुख्य कारण, हे त्याला मान्य आहे. मग वजन कशामुळे वाढलं? हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नाही, आणि तो आपण होऊन उत्तर द्यायला गेला नाही.

आधी नियम बघू. सेकंडरी क्लेमचा नियम ३८ सीएफआर (अमेरिकेची केंद्रीय नियमावली) ३.३१० मध्ये आहे आणि त्याला दोन वाटा आहेत. पहिली वाट: आधीच मंजूर असलेल्या आजारामुळे नवा आजार झाला. दुसरी: नवा आजार कशानेही झालेला असो, मंजूर आजारामुळे तो बळावला. परीक्षकाला दोन्हींवर मत द्यावं लागतं. 'पीटीएसडीमुळे होत नाही' हे पहिल्या वाटेचं उत्तर झालं. बळावला की नाही, यावर तुम्हाला आलेल्या नकाराच्या पत्रात एक शब्द नाही. व्हेटरन्स क्लेम्स कोर्टाने २०१३ च्या एल-अमीन खटल्यात अशाच अपुऱ्या मतावर आधारलेला निर्णय रद्द केला होता. २०१९ च्या वॉर्ड खटल्यात तर बळावणं कायमस्वरूपीच असलं पाहिजे असंही नाही, हे स्पष्ट झालं. त्यामुळे पत्रात दिसतं ते मत कायद्याच्या दृष्टीने अर्धवट आहे.

असं असलं तरी माझा भर 'बळावला' या वाटेवर नाही, आणि त्याचं कारण समजून घ्या. त्याच नियमाच्या पोटकलम (ब) नुसार बळावण्यापूर्वी आजार किती होता, याचा वैद्यकीय पुरावा लागतो. तो आधीचा नसेल तर उपलब्ध असलेला सर्वांत जुना पुरावा आधाररेषा धरतात, आणि मिळणाऱ्या रेटिंगमधून आधाररेषेचं रेटिंग वजा होतं. तुमच्याकडे पहिली स्लीप स्टडी २०२१ ची, आणि तिच्यात एएचआय ३४. सीपॅप तेव्हाच लागलं. व्हीएने उद्या 'बळावला' हे मान्य केलं आणि २०२१ लाच आधाररेषा धरलं, तर वजाबाकी करून हाती शून्य येऊ शकतं. म्हणून ही वाट अर्जात जरूर लिहा, पण दुसऱ्या क्रमांकावर.

पहिल्या क्रमांकावर वजन. व्हीएच्या जनरल काउन्सेलने (मुख्य कायदा अधिकाऱ्याने) जानेवारी २०१७ मध्ये एक बंधनकारक मत दिलं. लठ्ठपणा हा स्वतः भरपाई मिळण्याजोगा आजार नाही, पण मंजूर आजार आणि नवा आजार यांच्या मधली पायरी म्हणून तो धरता येतो. त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: मंजूर आजारामुळे लठ्ठपणा आला, त्या लठ्ठपणाचा नव्या आजारात मोठा वाटा आहे, आणि तो लठ्ठपणा नसता तर नवा आजार झाला नसता. पुढे २०२० च्या वॉल्श खटल्यात कोर्टाने हेही मान्य केलं की मंजूर आजाराने लठ्ठपणा नव्याने आणलाच पाहिजे असं नाही, असलेला वाढवला तरी साखळी धरता येते. तुमच्या परीक्षकाने दुसरी गोष्ट लिहून दिलेली आहे. तिसरीच्याही तो जवळ गेला आहे. तुम्हाला सिद्ध करायची आहे ती मुख्यतः पहिली.

आता तुम्हीच पाठवलेले आकडे बघा. उंची पाच फूट सात इंच. भरतीच्या वेळी वजन १५८ पौंड, लष्कर सोडताना १७१, २०१७ च्या सुरुवातीला म्हणजे औषधं सुरू होण्यापूर्वी १७६, २०१८ अखेरीस २०४, स्लीप स्टडीच्या वेळी २२८. या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० ची, म्हणजे लठ्ठपणाची, रेघ सुमारे १९२ पौंडांवर येते. औषधांपूर्वी बीएमआय २७.६ होता, म्हणजे वजन थोडं जास्त, पण लठ्ठपणा नाही. लष्कर सोडल्यापासून औषधं सुरू होईपर्यंतच्या चार वर्षांत पाच पौंड वाढले, आणि औषधं सुरू झाल्यावर दोन वर्षांच्या आत २८. मिर्टाझापिनने भूक आणि वजन वाढतं, क्वेटियापिननेही वाढतं. दोन्ही औषधांच्या अधिकृत माहितीपत्रकात ते छापलेलं असतं, त्यावर कुणी वाद घालत नाही. औषधं पीटीएसडीसाठी दिली, ती व्हीएच्याच डॉक्टरने दिली, आणि वजन व्हीएच्याच काट्यावर मोजलं गेलं. पुरावा सगळा त्यांच्याच कपाटात पडून आहे. तो एका कागदावर आणून समोर ठेवायचं काम मात्र तुमचं.

तो कागद असा करा. व्हीएच्या वेबसाइटवर मिस्टरांच्या खात्यातून ब्लू बटन रिपोर्ट उतरवून घ्या. त्यात प्रत्येक भेटीत नोंदवलेलं वजन तारखेसह असतं आणि औषधांची यादीही असते. एका साध्या तक्त्यात डावीकडे तारीख, मध्ये वजन, उजवीकडे त्या वेळी चालू असलेलं औषध आणि डोस. कधी डोस वाढवला, कधी औषध बदललं, तेही टिपा. एखाद्या काळात औषध बंद होतं आणि वजन उतरलं असेल तर ती ओळ सर्वांत महत्त्वाची. आणि उलटं असेल, म्हणजे औषध बंद असतानाही वजन वाढलं असेल, तर ती ओळ गाळू नका. रेटर, म्हणजे क्लेमवर निर्णय देणारा व्हीएचा अधिकारी, मूळ नोंदी बघतोच. त्याच्या हाती ती ओळ पडण्याआधी डॉक्टरने तिचं कारण लिहिलेलं बरं. पीटीएसडीमुळे घराबाहेर पडणं बंद झालं, जिम सुटलं, हेही कारण असू शकतं आणि तेही याच साखळीत बसतं. मानसोपचाराच्या नोंदींत 'वजन वाढल्याची तक्रार', 'भूक फार लागते' असं काही लिहिलंय का, ते बारकाईने शोधा. मानसोपचारतज्ज्ञाने २०१८ मध्ये सहज लिहून ठेवलेली 'वजनवाढ बहुधा मिर्टाझापिनमुळे' ही एक ओळ आज विकत घेतलेल्या पाच पानी पत्रापेक्षा जड ठरते, कारण ती क्लेमसाठी लिहिलेली नसते.

दारूचा मुद्दा तुमच्या पत्रात नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. झोपण्यापूर्वी दारू घेतल्याने घशाचे स्नायू सैल पडतात आणि अ‍ॅप्निया वाढतो. पीटीएसडीमुळे जडलेलं दारूचं व्यसन सेकंडरी म्हणून धरता येतं, हे फेडरल सर्किटने (व्हेटरन्स क्लेम्स कोर्टाच्या वरच्या अपील कोर्टाने) २००१ मध्ये अ‍ॅलन खटल्यात मान्य केलं आहे. त्यामुळे तो इतिहास लपवून काही साधत नाही.

आता डॉक्टर लोक 'पीटीएसडीमुळे स्लीप अ‍ॅप्निया होत नाही' असं इतक्या ठामपणे का लिहितात? कारण ऑब्स्ट्रक्टिव्ह प्रकारात झोपेत घशाचा मार्ग खरोखरच मिटतो, आणि जबडा, मान, जीभ, वजन, वय, पुरुष असणं ही त्याची ओळखीची कारणं आहेत. दुसऱ्या बाजूला पीटीएसडी आणि अ‍ॅप्निया एकत्र आढळण्याचं प्रमाण मोठं आहे, हेही खरं. सॅन दिएगोच्या व्हीएमध्ये इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या १९५ जणांची पाहणी झाली होती, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. पीटीएसडी क्लिनिकमध्ये आलेल्या त्या लोकांपैकी ६९.२ टक्के अ‍ॅप्नियाच्या जास्त धोक्याच्या गटात निघाले, आणि पीटीएसडीची लक्षणं जितकी तीव्र तितका धोका जास्त दिसला. इंटरनेटवर मिळणाऱ्या प्रत्येक नमुना पत्रात ही पाहणी चिकटवलेली असते. पण ती प्रश्नावलीवर आधारलेली होती, रात्रभराच्या स्लीप स्टडीवर नव्हे. आणि दोन गोष्टी एकत्र सापडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही. परीक्षक हे एका ओळीत लिहून मोकळा होतो. म्हणून पत्राचा सगळा डोलारा त्या टक्केवारीवर उभा करू नका. सतत सावध राहणारं मन, तुटक झोप, शामक औषधांनी सैल पडणारा घसा ही कारणं डॉक्टरने मांडावीत, पण ती तुमच्या मिस्टरांच्या नोंदींना धरून.

त्यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. दीड हजारांचं पत्र घेऊ नका. निदान त्या पद्धतीने तरी नाही. बाहेरच्या डॉक्टरचं मत घेणं बेकायदेशीर नाही, गैरही नाही. पण फोनवर दहा मिनिटं बोलून, नाव बदललेला तोच मजकूर देणारी दुकानं निघाली आहेत, आणि रेटर तो मजकूर पाठ असल्यासारखा ओळखतात. कोर्टाने २००८ च्या निएव्हेस-रॉड्रिगेझ खटल्यात सांगितलं की वैद्यकीय मताचं वजन त्यातल्या कारणमीमांसेवरून ठरतं. फाईल वाचली असं नुसतं लिहिल्याने मत भारी होत नाही, आणि फाईल वाचली नाही म्हणून आपोआप हलकंही होत नाही.

आधी मिस्टरांवर उपचार करणाऱ्यांकडे जा. व्हीएचे डॉक्टर अशी पत्रं लिहायला बहुतेकदा राजी नसतात, तरी मानसोपचारतज्ज्ञाला पत्र मागू नका, प्रश्न विचारा: 'या औषधांनी वजन वाढलं असं तुमचं मत आहे का, आणि असेल तर आजच्या नोंदीत लिहाल का?' झोपेच्या डॉक्टरला विचारा: '१७६ पौंडांवर राहिले असते तर हा आजार झाला असता का?' ही दोन उत्तरं दोन वेगळ्या डॉक्टरांच्या नोंदीत आली, तरी साखळी जुळते. नसेल जमत, तर झोपेच्या आजारांचा तज्ज्ञ शोधा, त्याला तो तक्ता, औषधांची यादी, स्लीप स्टडी आणि नकाराचं पत्र द्या, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. त्याने वय, लिंग, मान ही इतर कारणंही मोकळेपणाने घ्यावीत आणि तरी वजनाचा वाटा मोठा का, ते सांगावं. त्याची खात्री शंभर टक्के असायची गरज नाही. 'अ‍ॅट लीस्ट अ‍ॅज लाइकली अ‍ॅज नॉट', म्हणजे निदान निम्मी शक्यता, एवढं पुरतं. पारडी समसमान असली तर कौल सैनिकाच्या बाजूने द्यायचा, हा ३८ सीएफआर ३.१०२ चा नियम आहे. 'असू शकेल', 'नाकारता येत नाही' असे शब्द मात्र चालत नाहीत. ते निम्म्याच्या खाली मोजले जातात.

आता तुमचा स्वतःचा जबाब. बायकोने लिहिलेलं कोण धरतं, असं तुम्ही पत्रात म्हटलंय. धरतात. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं सांगायला डॉक्टर असावं लागत नाही, हे १९९४ च्या लेनो खटल्यापासून मान्य आहे. फॉर्म २१-१०२१० वापरा. पण 'माझ्या नवऱ्याला पीटीएसडीमुळे स्लीप अ‍ॅप्निया झाला आहे' हे तिथे लिहू नका. ते डॉक्टरचं काम, आणि तुम्ही लिहिलं की जबाब तयार मजकुरासारखा वाटतो. असं लिहा (अर्थात असं घडलं असेल तरच): 'नवीन गोळी सुरू झाल्यावर ते रात्री एकच्या सुमारास उठून स्वयंपाकघरात जायचे आणि डब्यातला चिवडा उभ्या उभ्या संपवायचे. पूर्वी रात्रीच्या जेवणानंतर ते काही खात नसत. २०१८ च्या दिवाळीला शिवलेला झब्बा पुढच्या दिवाळीला खांद्यावरून उतरेना. त्यानंतर घोरणं वाढलं. मधेच घोरणं थांबायचं, श्वास ऐकू यायचा नाही, मग एकदम धक्का बसल्यासारखे उठायचे. मला वाटायचं वाईट स्वप्न पडलंय.' यात तारखा आहेत, क्रम आहे, आणि आजाराचं नावसुद्धा नाही.

अशा प्रसंगांत हल्ली एक गडबड फार दिसते. लष्करातल्या मित्राकडून 'तो कंदाहारच्या तंबूतसुद्धा जोरात घोरायचा, श्वास अडकायचा' असा जबाब आणतात. ते खरं असेल तर ती थेट सर्व्हिस कनेक्शनची (आजार लष्करी सेवेतच सुरू झाल्याची) केस आहे, आणि तिची मांडणी वेगळी करावी लागते. पण एकाच फाईलमध्ये एक कागद म्हणतो २०११ पासून श्वास अडकत होता, दुसरा म्हणतो २०१७ नंतरच्या वजनवाढीमुळे अडकायला लागला. रेटर दोन्ही वाचतो. पर्यायी मांडणीला कायद्याची आडकाठी नाही, पण डॉक्टरला दोन्ही कागद दाखवून विचारल्याशिवाय ते एकत्र पाठवू नका. साधं घोरणं म्हणजे अ‍ॅप्निया नव्हे, एवढा खुलासा डॉक्टरने केला तरी गुंता सुटतो.

रेटिंगचं थोडक्यात. स्लीप अ‍ॅप्नियाचा कोड ६८४७. दिवसा सतत गुंगी असेल तर ३० टक्के, सीपॅपसारखं यंत्र आवश्यक असेल तर ५०, श्वसन निकामी होऊन कार्बन डायऑक्साइड साठू लागला, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला किंवा घशाला छिद्र पाडावं लागलं तर १००. व्हीएची बेरीज शाळेतली नसते. ५० आणि ५० मिळून ७५ होतात आणि ते ८० धरतात. पीटीएसडीच्या रेटिंगमध्ये झोप बिघडण्याचं लक्षण आधीच मोजलंय, म्हणून दोन्ही मिळणार नाहीत, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. ते बरोबर नाही. एकच लक्षण दोनदा मोजता येत नाही हे खरं, पण सीपॅपची गरज हे पीटीएसडीचं लक्षण नव्हे. दमा मंजूर असलेल्यांना मात्र वेगळा अडथळा आहे: ३८ सीएफआर ४.९६ मुळे दमा आणि स्लीप अ‍ॅप्निया यांना मिळून एकच रेटिंग मिळतं, जास्त असलेलं.

व्हीएने फेब्रुवारी २०२२ मध्ये हा कोडच बदलायचा प्रस्ताव मांडला होता. त्यात मशीन लागतं एवढ्याने ५० टक्के मिळणार नाहीत, उपचाराने किती फरक पडतो ते बघणार, असा सूर होता. अर्ज पाठवण्याच्या दिवशी ३८ सीएफआर ४.९७ चा (या कोडच्या रेटिंगच्या तक्त्याचा) चालू मजकूर उघडून बघा आणि त्याप्रमाणे मांडणी करा. तक्ता बदलला म्हणून आधी मिळालेलं रेटिंग कमी करत नाहीत, आजारात खरोखर सुधारणा दिसावी लागते. त्यामुळे रेंगाळण्यात शहाणपणा नाही.

तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय की ते मास्क रात्री ओढून काढतात, तोंडावर काही आलं की घाबरे होतात. ही गोष्ट लाजून लपवण्याची नाही, डॉक्टरच्या नोंदीत जायला हवी अशी आहे. एक तर नियमात शब्द 'आवश्यक' असा आहे. रोज किती तास वापरलं, यावर ५० टक्के ठरत नाहीत, मात्र यंत्र वैद्यकीयदृष्ट्या गरजेचं आहे असं डॉक्टरने लिहिलेलं असलं पाहिजे. दुसरं म्हणजे, २०२३ च्या स्पायसर खटल्यात फेडरल सर्किटने एक मोठी खिडकी उघडली. त्या सैनिकाच्या मंजूर रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांमुळे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण खालावलं आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया करता येईना. मंजूर आजार दुसऱ्या आजाराच्या उपचारात आडवा येत असेल तर त्यामुळे राहिलेलं अपंगत्वही भरपाईच्या कक्षेत येऊ शकतं, असं कोर्ट म्हणालं. पीटीएसडीच्या भीतीने मास्क सहन होत नाही, म्हणून अ‍ॅप्निया अनियंत्रित राहतो, ही मांडणी यात नीट बसते. माझ्या मते पुढच्या काही वर्षांत या मुद्द्यावर बऱ्याच केसेस उभ्या राहतील. शिवाय क्लेम बाजूला ठेवला तरी, गंभीर अ‍ॅप्निया मशीनशिवाय सोडणं धोक्याचं आहे. नाकापुरता मास्क, थेरपिस्टच्या मदतीने हळूहळू सवय, जिभेच्या नसेचा इम्प्लांट असे पर्याय आहेत, ते विचारा.

आता कुठला फॉर्म. नकाराच्या पत्रावरच्या तारखेपासून एक वर्ष तुमच्या हातात आहे. या वर्षात पाऊल उचललं तर पहिल्या अर्जाची तारीख टिकते आणि थकबाकी तिथपासून मिळू शकते. नवा पुरावा असेल तर सप्लिमेंटल क्लेम, फॉर्म २०-०९९५. नवा पुरावा नसेल, पण चूक दाखवायची असेल तर हायर-लेव्हल रिव्ह्यू, फॉर्म २०-०९९६. त्यात वरिष्ठाशी फोनवर बोलता येतं आणि 'बळावण्यावर मतच दिलेलं नाही, वजन मधली पायरी म्हणून तपासलंच नाही' एवढं सांगितलं तर फाईल नव्या वैद्यकीय मतासाठी परत जाऊ शकते. तिसरा रस्ता वॉशिंग्टनच्या अपील बोर्डाचा, तो सर्वांत लांबचा. तुमच्याकडे तक्ता, जबाब आणि डॉक्टरची निदान एक नोंद तयार होणार असेल तर मी सप्लिमेंटल टाकेन, आणि अर्जात तिन्ही मांडण्या नाव घेऊन लिहीन: औषधं आणि वजनाच्या पायरीने झाला, बळावला, उपचारात अडथळा. परीक्षक विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देतो, हे तुम्ही पाहिलंच आहे. त्याच वेळी फॉर्म २०-१०२०६ ने पूर्ण क्लेम फाईल मागवा. नकाराच्या पत्रात परीक्षकाच्या अहवालातल्या दोन ओळी असतात, मूळ अहवालात बाकीचं सापडतं.

नव्या परीक्षेला बोलावलं तर मिस्टरांनी शूरपणा दाखवू नये. 'ठीक आहे, चालतंय' ही आपली सवय तिथे लिहून घेतली जाते. गाडी चालवताना डुलकी लागते का, दुपारी मीटिंगमध्ये डोळे मिटतात का, मास्क किती वाजता निघतो, हे जसं आहे तसं सांगावं, वाढवून नको.

पैशांबद्दल एक सक्त गोष्ट. पहिल्या क्लेमची तयारी करून देण्यासाठी फी घेण्याची कायद्याने कुणालाच परवानगी नाही, वकिलालाही नाही. पहिला निर्णय आल्यानंतर मान्यताप्राप्त वकील किंवा एजंट फी घेऊ शकतात, आणि ती थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंत असेल तर वाजवी मानली जाते. वाढलेल्या रेटिंगच्या पाच-सहा महिन्यांची रक्कम द्या म्हणणाऱ्या कंपन्या बहुतेक मान्यता नसलेल्या असतात. जनरल काउन्सेलच्या वेबसाइटवर नाव शोधा, सापडलं नाही तर फोन ठेवा. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे सर्व्हिस ऑफिसर आणि टेक्सासमध्ये काउंटीचे ऑफिसर हे सगळं फुकट करतात. तुमची केस त्यांच्याकडून होण्यासारखी आहे, माझ्यासारख्याला पैसे द्यायची गरज नाही.

आणि पुणे. भरपाईची रक्कम भारतात राहूनही चालू राहते. सुटतो तो व्हीएचा दवाखाना. त्याऐवजी फॉरेन मेडिकल प्रोग्रॅम आहे. त्यात मुख्यतः सर्व्हिस कनेक्टेड ठरलेल्या आजारांचाच खर्च मिळतो, म्हणून तुमच्यासाठी या क्लेमचं मोल ५० टक्क्यांच्या पलीकडे आहे. अ‍ॅप्निया मंजूर झाला तर पुण्यातल्या झोपेच्या डॉक्टरचं आणि मशीनचं बिल त्यातून मागता येईल, नाहीतर मास्क, नळी, फिल्टर सगळं खिशातून. निघण्यापूर्वी फॉर्म १०-७९५९एफ-१ भरून नोंदणी करा. तिकडची बिलं तपशीलवार घ्या, कारण 'कन्सल्टेशन आणि इतर' अशा एका ओळीच्या पावतीवर पैसे मिळत नाहीत. क्लेम प्रलंबित असताना गेलात तर व्हीएला भारतातला पत्ता आधी कळवा. परदेशातल्या फायली पिट्सबर्गच्या ऑफिसकडे जातात आणि परीक्षा भारतात ठरवता येते, पण बोलावण्याचं पत्र टेक्सासच्या जुन्या पत्त्यावर गेलं आणि परीक्षेला कुणी पोहोचलं नाही, तर क्लेम तेवढ्यावरूनच फेटाळला जाऊ शकतो.